माझे रेकॉर्ड कोणी मोडले

गेल्या मे महिन्यात एका भर दुपारी माझ्या आईनं माझ्या डोळ्यांदेखत एक लाल गाडी लाकडी पुलाच्या अलीकडून उजवीकडे झाडीत घातली, आणि मी बसल्या जागी गार पडलो. गाडी टीव्हीच्या पडद्यावरची होती. पण आईला ना गाडी येते, ना सायकल. आंबेनळी घाट चढताना तिला हमखास उलटी होते, म्हणून महाबळेश्वरचं नाव आमच्या घरात कोणी काढत नाही. सदुसष्ट वर्षांची ती बाई त्या झाडीतल्या कच्च्या वाटेनं सुसाट गेली, खालच्या वळणावर परत डांबरीला लागली आणि शर्यतीत पहिली आली. ती वाट मला माहीत नव्हती. हा गेम मी कॉलेजात असताना दोन वर्षं रोज खेळलो होतो, आणि त्यात असा रस्ता आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट नीट सांगायची तर थोडं मागून सुरू करायला हवं.

मी महाडच्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवतो. मोटारींच्या शर्यतीच्या एका गेमचं मला वीसबावीस वर्षांपासून वेड आहे. त्या गेमचे आजवर बरेच भाग निघाले. मी खेळायला लागलो तेव्हाच्या भागात फक्त सहा ट्रॅक होते. त्यातला शेवटचा डोंगरातला. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, मध्ये धबधबा, पुढे लाकडी पूल. मला तो आपल्या कशेडी घाटासारखा वाटायचा, फक्त समोरून येणारे ट्रक नव्हते. नंतरच्या भागांत अख्खी शहरं आली, शेकडो गाड्या आल्या, कथा आल्या, पण माझं मन त्या सहा ट्रॅकांतच राहिलं. आमच्या घरात पुराचं पाणी शिरलं तेव्हा जुना कॉम्प्युटर आणि गेमची सीडी दोन्ही गाळात गेली, तेव्हापासून तर जास्तच.

दोन वर्षांपूर्वी गेम काढणाऱ्या कंपनीनं खेळणाऱ्यांनाच विचारलं, की पुढच्या भागात आम्ही नवीन काही करावं की जुन्याकडे परत जावं? इंटरनेटवरच्या आमच्या गटात महिनाभर भांडणं झाली. मी वर्गात फळा भरून लिहितो तसं लांबलचक लिहिलं. जुना भागच परत आणा, तोच खरा, त्यात भपका नव्हता, हाताला काम होतं, असं बरंच काही. कोणीतरी खाली एका ओळीत उत्तर दिलं, ‘तुम्हाला गेम नको आहे, तुम्हाला तुमचं विसावं वर्ष परत हवं आहे.’ मला राग आला. मी त्याला आणखी लांब उत्तर लिहिलं.

शेवटी जुना भाग परत आला. चित्रं नवी, ट्रॅक तेच. मी परीक्षेचे पेपर तपासून संपेपर्यंत थांबलो आणि सुट्टी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी तो टीव्हीला जोडला. माझी मुलगी नववीत आहे. तिनं दोन शर्यती खेळून तोंड वाकडं केलं. “पप्पा, यात काहीच नाहीये. नुसतं गोल गोल जायचं?” मग आईकडे वळून तिनं थट्टेत कंट्रोलर पुढे केला. “आजी, तू खेळ ना.”

आई शेंगा सोलत होती. “मला कुठं येतंय,” असं म्हणत तिनं हात पदराला पुसले, कंट्रोलर हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, “ह्याला बाणाची बटणं कुठं हायत?”

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी हसण्यात होतो. पहिल्या दोन वेळा ती कड्याला धडकली. मुलगी खिदळत होती. तिसऱ्या वेळी आई बोलायची थांबली. धबधब्याच्या अलीकडे तिनं गती कमी केली, वळण आतून घेतलं, आणि पुलाशी आल्यावर गाडी सरळ झाडीत घातली.

“आई,” मी म्हटलं, “हा रस्ता तुला कसा माहीत?”

“पहिल्यापासून हायच की तो,” ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

मग तिलाच कळलं आपण काय बोललो ते. तिनं कंट्रोलर हळूच सतरंजीवर ठेवला, शेंगांची परात उचलली आणि स्वयंपाकघरात गेली.

मी तिच्या मागे गेलो नाही.  पडद्यावर पहिल्या नंबरापुढे इंग्रजीत ‘खेळाडू १’ असं लिहिलेलं होतं, नाव न घालता नुसतं पुढे जायचं बटण दाबलं की येतं ते. असंच लिहिलेलं मी वीस वर्षांपूर्वी एकदा पाहिलं होतं, आणि त्यावरून माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राला चोर म्हटलं होतं.

तो पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावचा. भातशेतीवाल्या घरातला. कॉलेजात माझ्याच वर्गात होता. त्यांच्या गावातली काही माणसं आमच्या वस्तीत पाणी प्यायला कचरायची त्या काळात हा आमच्या चुलीपाशी बसून आईच्या हातची सुक्या बोंबलाची चटणी भाकरीबरोबर खायचा. आईला मावशी म्हणायचा. आत शिरताना मोठ्यानं “जय भीम, मावशी” म्हणायचा, आणि आईला ते फार आवडायचं. माझे वडील कचेरीत कारकून होते. माझ्या शिक्षणासाठी म्हणून त्यांनी जुना कॉम्प्युटर घेतला होता, आणि गेम मित्रानं मुंबईच्या चुलतभावाकडून आणला होता. आम्ही दोघं आलटूनपालटून खेळायचो. आई रोज ओरडायची. ती अंगणवाडी सेविका होती. पालकांच्या सभेत ती आयांना सांगायची, पोरांना टीव्हीपुढे बसवू नका, आणि घरी येऊन तेच आम्हाला ऐकवायची.

पुढे मी बीएडला पुण्याला गेलो. मित्र महाडलाच कॉम्प्युटरचा कोर्स करत होता. सरकारी नोकरीच्या अर्जाला तो कोर्स लागायचा. त्याच्याकडे मशीन नव्हतं, म्हणून जाताना मीच त्याला म्हटलं होतं, “दुपारी घरी येत जा, टायपिंगचा सराव कर.”

दिवाळीच्या सुट्टीत मी परत आलो आणि पिशवी खाली ठेवून पहिला गेम लावला. दोन वर्षं साठवलेलं सगळं पुसलेलं होतं. मी जिंकलेल्या गाड्या, उघडलेले ट्रॅक, माझ्या नावाचे रेकॉर्ड, काहीच शिल्लक नव्हतं. कोणीतरी नवा खेळ सुरू करून माझा पुसून टाकला होता, आणि डोंगराच्या ट्रॅकवर माझ्याहून चांगली वेळ लावली होती. नाव, ‘खेळाडू १’.

आज लिहिताना हे हास्यास्पद वाटतं. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि पुण्यात सगळीकडे मागे पडत होतो. त्या एका यादीत मी पहिला होतो. दुपारी मित्र नेहमीसारखा आला तेव्हा मी त्याला दारातच अडवलं. “तू केलंस ना?” त्यानं आत स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, ही कबुलीच झाली. मग मी तोंडाला येईल ते बोललो. माझ्या घरात बसून माझंच पुसलंस, नाव लावायची सुद्धा हिंमत नाही, चोर आहेस तू. शेजारची दोनतीन माणसं बाहेर आली. आत आई भाकऱ्या थापत होती, तो आवाज थांबला. पण आई बाहेर आली नाही. “परत या घरात पाय ठेवू नकोस,” मी म्हटलं. तो “बरं” म्हणाला, चपला घातल्या आणि गेला.

वीस वर्षांत आम्ही बोललो नाही. पोलादपूरच्या स्टँडवर एकदोनदा समोरासमोर आलो. दोघांनीही मान वळवली.

आणि आता सतरंजीवर तो कंट्रोलर पडला होता. मुलगी म्हणत होती, “पप्पा, आजी भारी आहे ना?” मी उठून स्वयंपाकघरात गेलो. आई ओट्याला टेकून उभी होती.

“तू खेळायचीस?”

“हो.”

“माझं सगळं तू पुसलंस?”

“मला काय ठावं होतं रे, नवीन खेळ म्हटलं की जुना जातो म्हणून,” ती म्हणाली. “तुझा मित्र एक दिवस सरावाला आला नव्हता. खेळ मीच चालू केला. इंग्रजीत काहीतरी विचारत होतं, मी हो म्हटलं.”

मग तिनं सगळं सांगितलं. अंगणवाडी दुपारी सुटायची. वडील संध्याकाळी यायचे. मित्र सराव करून कंटाळला की थोडा वेळ गेम लावायचा आणि ती मागे उभी राहून बघायची. एकदा त्यानं “मावशी, बसा तरी” म्हणून तिला खुर्चीत बसवलं आणि बाणाची बटणं दाखवली. दहा दिवसांत ती त्याला हरवायला लागली. झाडीतली वाट तिला चुकून सापडली, गाडी रस्ता सोडून गेली तेव्हा. “मी घाटात नेहमी पिशवी तोंडाला लावून बसलेली,” ती म्हणाली. “ह्या घाटात मीच गाडी नेत होते. मला मळमळत नव्हतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कुणाला सांगू? तुझ्या बापाला? सभेत मी बायकांना काय सांगायचे नि घरात काय करायचे! गावभर हसले असते.” तिनं ओटा पुसायला घेतला. “मीच त्याला शपथ घातली होती, सांगू नको म्हणून. त्यानं पाळली.”

मला संताप यायला हवा होता. आला नाही.  बेचाळीस वर्षं मी या बाईबरोबर राहतो आहे. तिचं दुखणंखुपणं, तिच्या औषधांच्या वेळा, तिला कोणतं गाणं लागलं की रडू येतं, सगळं मला माहीत आहे असं मी समजत होतो. त्याच घरात, त्याच खुर्चीत बसून ती महिनोन्महिने रोज दुपारी डोंगरातून गाडी नेत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आणि मी दारात ओरडत होतो तेव्हा ती पिठाच्या हातांनी आत उभी होती.

“मी चोर म्हटलं त्याला, ते तू ऐकलंस?”

“ऐकलं.”

“आणि बाहेर आली नाहीस?”

“नाय आले,” ती म्हणाली. डोळे पुसले नाहीत, सबब सांगितली नाही. “पाय उचलला नाय. त्याची लाज मला अजून हाय.”

दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. बायकोनं मला विचारलं, काय झालं, तर मला सांगताच येईना. गेमवरून आईशी भांडलो असं कसं सांगायचं? तिसऱ्या दिवशी, रविवारी, आई सकाळीच नवी साडी नेसून दारात उभी राहिली. “गाडी काढ. त्याच्याकडे जायचंय.”

“जुनं घर त्यानं सोडलं म्हणतात. आता कुठं राहतो मला माहीत नाही,” मी म्हटलं.

“मला हाय,” ती म्हणाली.

तेव्हा मी त्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. पोलादपूरला हायवे सोडून आम्ही महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलो. ती पुढे बसून सांगत होती, आता डावीकडे, आता शाळेच्या पुढं, त्या फणसाखाली थांबव. घाट अजून सुरू झाला नव्हता, तिला काही त्रास झाला नाही. मित्र पडवीत पावसाआधीचं सरपण रचत होता. केस पांढरे झाले होते. अंगणात एक पिकअप उभी होती. तो काही बोलायच्या आत घरातून त्याची बायको बाहेर आली आणि हसून म्हणाली, “मावशी! आज अचानक? फोन तरी करायचा!”

मी आईकडे पाहिलं.

ती इथे येत होती. वर्षातून दोनतीन वेळा. ट्रेनिंग आहे, मीटिंग आहे असं घरी सांगून. त्याच्या लग्नाला ती आली होती. त्याच्या पहिल्या मुलीच्या बारशाला तिनं स्वतः शिवलेली गोधडी आणली होती, ती अजून त्यांच्या पडवीतल्या दोरीवर होती, मी पाहिली. तिच्यावरचे तुकडे माझ्या जुन्या शाळेच्या शर्टाचे होते. त्याच्या बायकोला गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागायचा अर्ज आईनंच भरून दिला होता. वीस वर्षं सगळ्यांचं येणंजाणं चालू होतं. बाहेर राहिलो होतो तो फक्त मी.

मी पडवीच्या कट्ट्यावर बसलो. 

मित्रानं हात झटकले आणि माझ्यासमोर येऊन बसला. “कळलं वाटतं तुला,” तो म्हणाला.

“माझी चूक झाली,” मी म्हटलं. वाटेत ठरवलेली बाकीची वाक्यं आठवेनात. “मी तुला काय काय बोललो...”

“मावशी चौथ्या दिवशीच आल्या होत्या. चालत आल्या पोलादपूरवरून, गाडी मिळाली नाय म्हणून. माझ्या आईसमोर माफी मागितली. त्यांचं नि माझं तेव्हाच मिटलं.”

“मग तू मला का नाही सांगितलंस? शपथ होती ती मान्य. पण नंतर, इतक्या वर्षांत?”

त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं. आवाज चढवला नाही. “तू विचारलंस का रे? ‘तू केलंस ना’ म्हणालास. ‘कुणी केलं’ असं नाय विचारलंस. मावशीनं शपथ घातली, ती त्यांची चूक. पण मी चोर असेन असं तुला वाटलं, ते काय मावशीनं सांगितलं होतं?”

  मी त्याच्या घरी जेवलो असेन पन्नास वेळा, तो माझ्याकडे शंभर वेळा. आणि एका यादीतलं नाव गेलं म्हणून मी त्याला क्षणात चोर ठरवलं होतं.

“तुझ्या कोर्सचं काय झालं?” मी विचारलं.

“परीक्षेला बसलोच नाय. सराव कुठं करणार? मग बाबांचं दुखणं निघालं. मग गाडी घेतली.” त्यानं पिकअपकडे हनुवटी केली. “वाईट चाललं नाय माझं. तू तोंड पाडू नको.”

तो तोंड पाडू नको म्हणाला, आणि मला पहिल्यांदा रडू आलं. हे मला माहीतच नव्हतं. मी बीएड झालो, नोकरीला लागलो, आणि त्याचा सरकारी अर्ज आमच्या दारात, माझ्या ओरडण्यात अडकून राहिला. गेमच्या जुन्या भागाबद्दल मी पानंच्या पानं लिहिली होती, तेव्हाचे दिवस कसे साधे होते म्हणून. त्या दिवसांत प्रत्यक्ष काय घडलं होतं ते मला सोडून या पडवीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच्या बायकोनं चहा आणला. आई आत जाऊन त्यांच्या मुलींशी बोलत बसली. थोड्या वेळानं काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “तो गेम परत आलाय. आपलाच, जुना. एकदा ये ना घरी.”

“कशाला आणला परत?” त्यानं विचारलं. खरंच कळत नसल्यासारखं.

“लोकांना हवा होता. मीही मागितला होता.”

“मला तर त्यात मावशीनं हरवलेलंच आठवतंय,” तो म्हणाला, आणि हसला. “नाय रे, मी नाय खेळत. आणि कापड्यावरून महाडला पडद्यावरची गाडी चालवायला कोण येतंय! रोज हीच चालवून कंबर मोडते.”

निघताना त्यानं हात पुढे केला नाही, मीही केला नाही. “जय भीम, मावशी,” एवढं तो आईला म्हणाला, पण पूर्वीसारखं मोठ्यानं नाही.

 परतताना पोलादपूरच्या अलीकडे मी आईला विचारलं, “माझ्यापासून आणखी काय लपवलंयस?” मला ते थट्टेनं म्हणायचं होतं, पण आवाज तसा आला नाही.  “लपवलं नाय रे,” ती म्हणाली. “तुझ्यासमोर काढायचं राहून गेलं. एक वर्ष राहिलं, मग दुसरं राहिलं.” 

घरी तो गेम अजून आहे. मुलीनं आजीला रोज दुपारी खेळायला बसवायला सुरुवात केली आणि आईनं लाज सोडली. आता ती दारं उघडी ठेवून खेळते. शेजारच्या बायका बघायला येतात. अंगणवाडीतल्या तिच्या जुन्या मदतनीस बाईंनी तर तोंडावर हात ठेवला. मी खेळत नाही. शाळेतून आल्यावर कधी मागे उभा राहून बघतो. ती वळणं किती सराईतपणे घेते! त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंतच्या एवढ्याशा काळात हे शिकलेल्या बाईला आणखी काय काय आलं असतं, हे मनात येतं आणि मी आत निघून जातो.

जुलैत एका शनिवारी मित्राचा फोन आला. नंबर माझ्याकडे नव्हता, त्याच्याकडे माझा होता, आईनं दिलेला.

“भाताच्या लावणीला माणसं कमी हायत,” तो म्हणाला. “येतोस?”

मी दुसऱ्या दिवशी गेलो. वीस वर्षांनी पुन्हा त्याच्या शेतातल्या चिखलात उतरलो. माझी ओळ वाकडी जात होती, तो मागून येऊन माझी रोपं उपटून परत सरळ लावत होता. दुपारपर्यंत माझी पाठ गेली. बांधावर भाकरी खाताना त्याच्या बायकोनं विचारलं, “भाऊजी, जमतंय का?” त्यानंच उत्तर दिलं, “जमत नाय त्याला. पण चिकाटी हाय.”

संध्याकाळी हातपाय धुऊन मी निघालो तेव्हा वरचं भाताचं निम्मं खाचर लावणीवाचून तसंच पडलं होतं.

“उद्या येशील?” त्यानं विचारलं.

“उद्या शाळा आहे.”

“मग पुढच्या रविवारी ये,” तो म्हणाला. “रोपं तोवर टिकतील.”